बारा तारखेची खीर : पैगंबरांचा जन्मदिवस साजरा करावा की नाही?

हैदराबादला राहायला आल्यापासून रबीउल अव्वल महिन्याची बारा तारीख मला कॅलेंडर न बघताच कळते. शेजारच्या आपांच्या स्वयंपाकघरातून दुधीच्या खिरीचा वास यायला लागतो. साबुदाणा, किसलेला दुधी, आटवलेलं दूध आणि वरून बदाम. ही खीर म्हणजे आपांची ओळख. गच्चीवर हिरव्या दिव्यांच्या माळा चढतात, गल्लीत पताका लागतात आणि संध्याकाळी खिरीची वाटी आमच्या घरी येते. इतकी वर्षं मी ती 'ईद-ए-मीलादची खीर' म्हणून खात आले. या दिवसाबद्दल खुद्द मुसलमानांमध्येच शेकडो वर्षांचा वाद आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

तो कळला आपांच्या धाकट्या मुलामुळे. तो काही वर्षं सौदीत नोकरीला होता. परत आल्यावर आलेल्या पहिल्याच बारा तारखेला त्यानं खिरीची वाटी हळूच बाजूला सरकवली. भांडला नाही, ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "अम्मी, पैगंबरांनी हे कधी केलं नाही. त्यांच्या साथीदारांनीही केलं नाही. मग आपण कोण?" थोरला मुलगा गच्चीवर दिवे लावत होता, त्यानं वरूनच उत्तर दिलं, "तुझ्या मुलाचा वाढदिवस करतोस ना? मग ज्यांच्यामुळे आपण मुसलमान झालो, त्यांचा नाही करायचा?"

आपा दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन बसल्या. "हलाल-हराम मौलवी बघतील. पण पोरानं माझ्या हातची खीर परत केली."

दोघे भाऊ नमाजी, दोघेही आईवर जीव टाकणारे. मग यातला बरोबर कोण? मी वाचायला लागले, चार जाणत्या माणसांना विचारलं. जे हाती लागलं ते तुमच्यासमोर ठेवते. मी धर्मपंडित नाही, त्यामुळे निवाडा देणार नाही. पण काही मतं मनात तयार झाली, ती लपवणारही नाही.

तारीख नेमकी कोणती?

इथूनच गंमत सुरू होते. पैगंबर मुहम्मद यांचा जन्म मक्केत, 'हत्तीच्या वर्षी' झाला असं परंपरा सांगते. म्हणजे ज्या वर्षी अबरहा नावाचा सेनानी हत्ती घेऊन मक्केवर चालून आला, त्या वर्षी. इसवी सनात ते साधारण 570 किंवा 571 येतं. वार सोमवार, महिना रबीउल अव्वल, इथवर बहुतेकांचं एकमत आहे. तारखेवर मात्र नाही. आरंभीचे चरित्रकार इब्न इसहाक यांनी बारा तारीख दिली आणि तीच जगभर रूढ झाली. पण दोन, आठ, नऊ, दहा अशाही तारखा जुन्या ग्रंथांत सापडतात. शिया परंपरा सतरा तारीख मानते. एकोणिसाव्या शतकात महमूद पाशा अल-फलकी नावाच्या इजिप्शियन खगोलशास्त्रज्ञानं गणित मांडून नऊ रबीउल अव्वल, म्हणजे 20 एप्रिल 571 ही तारीख काढली. आपल्याकडच्या शिबली नोमानींनी उर्दूत लिहिलेल्या प्रसिद्ध पैगंबर-चरित्रात हेच गणित स्वीकारलं.

यात आणखी एक पेच आहे. पैगंबरांचं निधनही रबीउल अव्वल महिन्यातच, सोमवारीच झालं. ते हिजरी सन 11, म्हणजे इ. स. 632. निधनाची तारीख म्हणूनही बाराच जास्त प्रसिद्ध आहे. म्हणून तर आपल्या जुन्या पिढीच्या तोंडी या दिवसाचं नाव 'बारावफात' असं होतं. वफात म्हणजे निधन. माझ्या आजोळच्या जुन्या कॅलेंडरात 'बारावफात' असंच छापलेलं मी पाहिलंय. त्याच दिवसाला 'ईद-ए-मीलाद' म्हणायची चाल पुढे वाढली. विरोध करणारे नेमकं हेच विचारतात, की जन्माची तारीख पक्की नाही आणि निधनाची तीच सांगितली जाते, तर त्या दिवशी दिवे कसे लावायचे?

माझ्या मनात जास्त घर करून बसली ती दुसरीच गोष्ट. पैगंबरांच्या पश्चात दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या काळात कालगणना ठरवायची वेळ आली. सन कुठून मोजायचा? जन्मापासून मोजावा, अशीही सूचना पुढे आल्याचं जुने इतिहासकार नोंदवतात. ख्रिस्ती जग पुढे येशूच्या जन्मापासून मोजू लागलं, तसंच. पण निवड झाली ती हिजरतीची, म्हणजे पैगंबर मक्का सोडून मदिनेला गेले त्या घटनेची. पहिल्या पिढीच्या लेखी माणूस जन्मला कधी यापेक्षा त्याने काय केलं याला वजन होतं, असं यातून वाटतं. अर्थात हा माझा अर्थ. दोन्ही बाजूंचे विद्वान तो आपापल्या परीने वळवून घेतील.

मग सुरुवात कोणी केली?

पैगंबरांच्या हयातीत किंवा त्यांच्या साथीदारांच्या काळात जन्मदिवसाचा सोहळा झाल्याची नोंद नाही. हे समर्थकही मान्य करतात, म्हणून त्यावर वाद नाही. पहिली ठळक वर्णनं सापडतात ती कैरोत, फातिमी खलिफांच्या दरबारात. हे घराणं शिया इस्माइली. अकराव्या-बाराव्या शतकात त्यांच्याकडे पैगंबर, हजरत अली, बीबी फातिमा आणि गादीवरचा खलिफा अशा सगळ्यांचे जन्मदिवस दरबारी थाटात होत. मिठाई वाटली जाई, भाषणं होत. सामान्य माणूस यात फारसा नसे.

लोकांचा उत्सव दिसतो तो आजच्या इराकमधल्या अर्बील शहरात. तिथला सुन्नी अधिपती मुझफ्फरुद्दीन गोकबुरी हा सुलतान सलाहुद्दीनचा मेहुणा. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने या दिवसाची अशी जत्राच मांडली. याचं वर्णन करणारा इब्न खल्लिकान मूळचा त्याच गावचा, त्यामुळे त्यात ऐकीव थापा कमी आहेत. बगदाद, मोसूल अशा दूरच्या शहरांतून विद्वान, सूफी, कवी, वाचक येत. चार-चार, पाच-पाच मजल्यांचे लाकडी मंडप उभे राहत. प्रत्येक मजल्यावर गायक-वादक आणि खेळ करणारे. राजा रोज दुपारच्या नमाजानंतर एकेका मंडपासमोर थांबून ऐकत हिंडे. आदल्या दिवसांत उंट, गाई, मेंढ्या वाजतगाजत मैदानात नेऊन कापल्या जात आणि मोठमोठे हंडे चढत.

यातला एक तपशील मला फार आवडला. जन्मतारखेबद्दल मतभेद आहेत हे गोकबुरीला माहीत होतं. म्हणून तो एका वर्षी आठ तारखेला सोहळा करी आणि दुसऱ्या वर्षी बारा तारखेला. आठशे वर्षांपूर्वीच्या राजाला तारखेचा हट्ट नव्हता!

त्याच सुमारास, तिकडे पार पश्चिमेला, सेउता नावाच्या बंदरात वेगळंच चाललं होतं. जिब्राल्टरच्या समुद्रापलीकडे आफ्रिकेच्या टोकावरचं हे गाव. तिथले काझी अबुल अब्बास अल-अझफी यांची तक्रार आजच्या कुठल्याही आई-बापाची वाटावी अशी आहे. स्पेन आणि आसपासच्या मुसलमान घरांतली मुलं ख्रिस्ती शेजाऱ्यांसारखे नाताळ आणि नववर्षाचे सण मजेत साजरे करत होती. भेटी, मिठाया, सगळं. नुसतं 'करू नका' म्हणून मुलं ऐकत नाहीत, हे काझींना कळलं. त्यांनी म्हटलं, येशूंच्या जन्माचा आनंद करता, तर आपल्या पैगंबरांच्या जन्माचा करा. शाळाशाळांतून फिरून मुलांना हे समजावलं आणि त्यावर पुस्तक लिहायला घेतलं, ते पुढे त्यांच्या मुलाने पुरं केलं. हा मुलगा 1250 मध्ये सेउताचा सत्ताधीश झाला आणि त्याने हा सण सरकारी केला. मोरोक्कोच्या मरिनी सुलतानांनी 1292 मध्ये आपल्या राज्यात तो लागू केला.

थोडक्यात, उत्तर आफ्रिकेत या उत्सवाचा उगम मुलांचं मन सणाकडे ओढ घेतं या साध्या अडचणीतून झाला. धाकटा मुलगा म्हणेल, "बघा, ख्रिस्ती लोकांची नक्कल!" थोरला म्हणेल, "नाही, मुलं आपल्या घरात राहावीत म्हणून." दोघांनाही पुरावा हाच.

'नवी गोष्ट' चांगली की वाईट

या सगळ्या वादाच्या मुळाशी एक शब्द आहे, बिदअत. धर्मात नव्याने घुसडलेली गोष्ट. अशी प्रत्येक नवी गोष्ट वाट चुकवते, असा अर्थ सांगणारी हदीस प्रसिद्ध आहे. विरोधक तिच्यावर उभे आहेत. त्यांचं म्हणणं सरळ आहे. धर्म पूर्ण झाल्याचं कुराणातच सांगितलंय. पैगंबर मदिनेला आले तेव्हा तिथे लोकांचे खेळण्याचे दोन दिवस होते, त्याऐवजी त्यांनी दोन ईद दिल्या, ईदुल फित्र आणि ईदुल अजहा. तिसरी ईद कुणी आणली? आणि प्रेमच म्हणाल, तर पैगंबरांवर त्यांच्या साथीदारांपेक्षा जास्त प्रेम कोणी केलं? त्यांना सुचलं नाही ते आपल्याला सुचावं?

समर्थकांचं उत्तरही तितकंच मुरलेलं आहे. हजरत उमर यांनी रमजानच्या रात्रीची तरावीहची नमाज एका इमामामागे एकत्र पढायची व्यवस्था लावली आणि तिला स्वतःच 'चांगली नवी गोष्ट' म्हटलं. म्हणजे नवं ते सगळं वाईट नव्हे. तेराव्या शतकातले इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम यांनी तर नव्या गोष्टींचे पाच प्रकार पाडले, अगदी सक्तीच्या नव्या गोष्टीपासून निषिद्ध नव्या गोष्टीपर्यंत. ईश्वराच्या कृपेवर आनंद मानावा हे कुराणात आहे आणि पैगंबरांना जगासाठी कृपा म्हटलंय, तेही कुराणात आहे. मग त्या कृपेच्या दिवशी आनंद का नको?

नववीच्या वर्गातल्या वादविवादासारखं हे इथेच थांबलं असतं, तर मी लेख लिहिला नसता. पण मोठ्या विद्वानांनी जे लिहिलंय ते घोषणांपेक्षा खूप मऊ आणि खोल आहे.

इब्न हजर अल-अस्कलानी हे हदीसचे पंधराव्या शतकातले दिग्गज. ते मान्य करतात की पहिल्या तीन पिढ्यांत हे नव्हतं. मग ते एक दाखला देतात. पैगंबर मदिनेत आले तेव्हा तिथले ज्यू आशूराचा उपवास करत. का, तर त्या दिवशी ईश्वराने मूसांना फिरऔनपासून वाचवलं म्हणून. पैगंबरांनी स्वतः तो उपवास धरला आणि इतरांना धरायला सांगितलं. म्हणजे एका पैगंबराच्या आयुष्यातल्या घटनेची आठवण दर वर्षी ठेवणं आणि त्याबद्दल आभार मानणं याला आधार आहे. फक्त आभार मानावेत ते उपवास, दानधर्म, कुराणपठण अशा मार्गांनी, असं ते सांगतात. त्यांच्यानंतर सुयूतींनी या विषयावर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. तिच्यात त्यांनी ताजुद्दीन फाकिहानी या विरोधी विद्वानाचं म्हणणं मांडून मग त्याला उत्तर दिलंय. समोरच्याचं म्हणणं आधी नीट मांडायचं आणि मग खोडायचं, ही पद्धत आपल्या व्हॉट्सॲप गटांनी उचलायला हरकत नाही.

आणि इब्न तैमिया! कडक भूमिकेसाठी प्रसिद्ध, 1328 मध्ये वारलेले. आजचे विरोधक ज्यांचं नाव सर्वांत जास्त घेतात, ते हेच. त्यांनी या उत्सवाला बिदअत म्हटलंच आहे. पण त्याच ग्रंथात ते म्हणतात, की काही लोक पैगंबरांवरच्या प्रेमापोटी हे करतात, त्या प्रेमाचं आणि चांगल्या हेतूचं फळ त्यांना ईश्वर देऊ शकतो, नव्या प्रथेचं नाही. पुढे ते एक किस्सा सांगतात. एका सरदाराने कुराणाच्या प्रतीच्या सजावटीवर हजार दीनार खर्च केले. इमाम अहमद इब्न हंबल यांना स्वतःला अशी सजावट पसंत नव्हती. तरी ते म्हणाले की असू द्या, त्यांनी सोनं घातलं त्यात हेच सगळ्यात बरं. म्हणजे माणसाच्या हातून हे काढून घेतलंत, तर त्या जागी तो काय करेल याचाही विचार करा.

हा किस्सा मी आपांच्या धाकट्याला सांगितला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे आम्हाला कोणी सांगितलं नाही."

गुरू एका बाजूला, शिष्य दुसऱ्या बाजूला

हिंदुस्थानात हा वाद तापला तो एकोणिसाव्या शतकात. 1866 मध्ये देवबंदला मदरसा सुरू झाला. तिकडे बरेलीत अहमद रजा खान यांच्याभोवती दुसरा प्रवाह उभा राहिला. मीलादची मजलिस भरवावी का, तिच्यात जन्माचा प्रसंग आला की सगळ्यांनी उभं राहून सलाम म्हणावा का, नंतर मिठाई वाटावी का, यावर फतवे निघाले. बरेलवींसाठी हे पैगंबर-प्रेमाचं लक्षण. देवबंदी उलेमांचा आक्षेप असा, की ठरावीक तारीख आणि ठरावीक विधी सक्तीचे होऊन बसलेत. अहले हदीस मंडळी तर याच्या पूर्ण विरोधात.

पण या कहाणीत एक माणूस असा आहे, की तो कळल्यावर मला दोन्ही बाजूंचा राग येईनासा झाला. हाजी इमदादुल्लाह मुहाजिर मक्की. 1857 नंतर ते मक्केला जाऊन राहिले आणि 1899 मध्ये तिथेच वारले. देवबंदच्या पहिल्या पिढीचे मोठे उलेमा त्यांचे मुरीद, म्हणजे शिष्य. त्यांतले रशीद अहमद गंगोही हे मीलादच्या रूढ मजलिशींना कडाडून विरोध करणारे. आणि गुरू? गुरू स्वतः मीलादच्या मजलिशीत जात, दर वर्षी भरवत आणि उभं राहून सलाम म्हणण्यात आपल्याला आनंद मिळतो असं लिहून ठेवत!

त्यांनी 'फैसला हफ्त मसला' नावाची छोटी पुस्तिका लिहिली. हफ्त म्हणजे सात. समाजात भांडणं लावणारे सात प्रश्न, आणि पहिलाच प्रश्न मीलादचा. त्यांचं म्हणणं असं की तारीख, उभं राहणं, मिठाई या गोष्टी कोणी धर्माची सक्ती समजून करत असेल तर ते चूक. सोय म्हणून, आदर म्हणून करत असेल तर त्यात वाईट काही नाही. करणाऱ्यांनी न करणाऱ्यांना पैगंबरांचा वैरी म्हणू नये आणि न करणाऱ्यांनी करणाऱ्यांना धर्मबुडवे म्हणू नये. शिष्यांना हे पटलं नाही. तरी गुरू-शिष्याचं नातं तुटलं नाही, हे विशेष.

दिवे, मेणबत्त्या, गाढवांची शर्यत

एकदा लोकांनी सण उचलला की विद्वानांच्या हाती फार उरत नाही. इजिप्तमध्ये या दिवशी साखरेच्या बाहुल्या आणि साखरेचे घोडे विकतात. मुलींना बाहुली, मुलांना घोडा. 1798 मध्ये नेपोलियनने कैरो जिंकलं, तेव्हा यंदा सोहळा नको म्हणणाऱ्या शेखांना त्याने स्वतः पैसे देऊन तो करायला लावला. भक्तीपोटी नव्हे, हे सांगायला नकोच! मोरोक्कोच्या सले गावात मेणाच्या रंगीत कंदिलांची मिरवणूक निघते. केनियाच्या लामू बेटावर गाढवांच्या शर्यती लागतात. इंडोनेशियात योग्यकार्ताच्या राजवाड्यातून भाजी-धान्याचे डोंगर रचून बाहेर काढतात आणि लोक त्यातला वाटा मिळवायला झुंबड करतात. तुर्कस्तानात सुलेमान चेलबीने 1409 मध्ये लिहिलेलं जन्मकाव्य आजही घराघरात, अगदी कुणाच्या निधनानंतरही, वाचलं जातं. काश्मीरात हजरतबलला पवित्र केसाचं दर्शन असतं. केरळात मदरशातली मुलं गाणी आणि भाषणांच्या स्पर्धांची तयारी कित्येक दिवस आधी सुरू करतात.

सौदी अरेबिया आणि कतारमध्ये मात्र या दिवशी सुट्टीही नसते. मक्केत जिथे पैगंबरांचा जन्म झाला असं परंपरा मानते, त्या जागी आज एक ग्रंथालय उभं आहे. इराणने वेगळाच मार्ग काढला. सुन्नींची बारा तारीख आणि शियांची सतरा, या दोन्हींमधला आठवडा तिथे 'एकता सप्ताह' म्हणून पाळतात. तारखेच्या मतभेदाचा इतका शहाणा उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आपल्या मुंबईचा दाखलाही कमी नाही. 28 सप्टेंबर 2023 ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मीलाद एकाच दिवशी आले. भायखळ्याच्या खिलाफत हाऊसपासून निघणारा मोठा जुलूस शंभर वर्षांची परंपरा सांगतो, पण समितीने तो दुसऱ्या दिवशी, 29 ला काढला. सरकारनेही 29 ची सुट्टी दिली. 2024 मध्ये ईद 16 ला, विसर्जन 17 ला, तर जुलूस 18 ला. 2025 मध्ये ईद 5 सप्टेंबरला, विसर्जन 6 ला आणि जुलूस 8 ला. हैदराबादमध्येही 2023 ला असाच जुलूस पुढे गेला.

हे असं ओळीने तीन वर्षं का झालं, याचं उत्तर पंचांगात आहे. हिजरी वर्ष निव्वळ चांद्र, 354-355 दिवसांचं, म्हणून ते दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतं. आपलं पंचांगही चंद्रावरच चालतं, फक्त तिसऱ्या वर्षाच्या सुमाराला अधिक मास घालून ऋतूंशी जुळवून घेतं. दोन अधिक मासांच्या मधल्या काळात भाद्रपद आणि रबीउल अव्वल हातात हात घालून चालले. 2026 च्या अधिक ज्येष्ठानंतर ही जोडी सुटते आणि ईद-ए-मीलाद श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आधी येते.

मला मात्र या बदललेल्या तारखांत वादाचं अर्धं उत्तर दिसतं. ईदुल फित्रची नमाज कुठलीही समिती विसर्जनासाठी तीन दिवस पुढे ढकलणार नाही. ती उपासना आहे, तिची वेळ बांधलेली आहे. जुलूस पुढे ढकलता आला, कारण तो उपासना नसून आठवण आहे, हे जुलूस काढणाऱ्यांनाही आतून माहीत आहे. इमदादुल्लाह साहेब हेच तर सांगत होते. विरोधकांची एक तक्रार मात्र मला पूर्ण पटते. काही ठिकाणी जुलुसात डीजेच्या भिंती येऊ लागल्यात. ज्यांच्या नावाने हे चाललंय त्यांना शेजाऱ्याच्या हक्काची केवढी काळजी होती! सप्टेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही सुनावलं, की गणेशोत्सवात मोठा आवाज घातक असेल तर ईदच्या जुलुसातही तो घातकच. मीलाद मानणारे कितीतरी उलेमाही डीजेला नकोच म्हणतात.

आणि बाकीचे पैगंबर?

माझ्या लेकीचा प्रश्न होता, की इस्लाममध्ये इतके पैगंबर आहेत, मग बाकीच्यांचे वाढदिवस? कुराणात पंचवीस पैगंबरांची नावं येतात. पण जन्माची गोष्ट सविस्तर आहे ती थोड्यांचीच. मूसांना टोपलीत घालून नदीत सोडणारी आई आहे. आणि मरियम आहे, एकटी, कळा सोसत खजुराच्या झाडाला टेकलेली. झाड हलव, पिकले खजूर पडतील, ते खा, असं तिला सांगणारा आवाज आहे. येशू म्हणजे ईसा यांच्या जन्माचा हा प्रसंग मरियमच्या नावाच्याच सूरेत येतो. त्याच सूरेत तान्हे ईसा पाळण्यातून बोलतात आणि आपल्या जन्माच्या, मृत्यूच्या आणि पुन्हा उठण्याच्या दिवसावर शांती असल्याचं सांगतात. मीलादचे समर्थक या जागेवर बोट ठेवून म्हणतात, बघा, पैगंबराचा जन्मदिवस कुराणालाही महत्त्वाचा वाटतो. विरोधक म्हणतात, दिवसाला महत्त्व आहे, पण वर्षातून एकदा उत्सव करा असं कुठे आहे? पिकलेल्या खजुरांवरून हा जन्म डिसेंबरातला नसणार, असंही बरेच मुस्लिम भाष्यकार मांडतात. ईसांवर श्रद्धा ठेवल्याशिवाय कोणी मुसलमान होत नाही, तरी त्यांचा जन्मदिवस मुसलमान सण म्हणून करत नाहीत. लेबनॉनने मात्र 2010 पासून 25 मार्चला, मरियमला शुभवार्ता मिळाली त्या दिवशी, ख्रिस्ती आणि मुसलमानांची सामाईक राष्ट्रीय सुट्टी ठेवली आहे.

हे सगळं वाचताना एक छोटी हदीस पुन्हा पुन्हा समोर येत होती. पैगंबर सोमवारी उपवास करत. कुणीतरी कारण विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की या दिवशी माझा जन्म झाला आणि याच दिवशी माझ्यावर संदेश उतरू लागला. 'सहीह मुस्लिम'मधली ही हदीस दोन्ही बाजूंना मान्य आहे. एक बाजू म्हणते, त्यांनी स्वतःच जन्मदिवस पाळला, आणि तोही वर्षातून एकदा नव्हे, दर आठवड्याला. दुसरी म्हणते, हो ना, पण उपवास करून. मग तुम्हीही तेवढंच करा.

आपांचा धाकटा सोमवारचा रोजा धरतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. आपांना माहीत होतं. पण खिरीशी त्याचा संबंध जोडायचं त्यांना सुचलं नव्हतं. मी हदीस सांगितली तेव्हा त्या हातातली सुपारी अडकित्त्यात तशीच धरून बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे सोमवार."

पुढच्या सोमवारी मगरिबच्या थोडं आधी आमच्या भिंतीपलीकडून वेलची आणि आटलेल्या दुधाचा वास आला. गच्चीवर दिवे नव्हते, गल्लीत पताका नव्हत्या. थोरल्याच्या बायकोने दस्तरखान घातलं. धाकट्याने खजूर खाऊन रोजा सोडला, पाणी प्यायला. आपांनी त्याच्यासमोर वाटी ठेवली. त्याने एकदा आईकडे बघितलं आणि चमचा उचलला.

आमच्या घरी वाटी आली ती नेहमीपेक्षा मोठी होती.